‘सर्दीचा एक डोज द्या’

बुधवार हा आमच्याकडचा बाजाराचा दिवस. वर्धा जिल्ह्यातलं हे साधं बाजाराचं गाव. आजूबाजूच्या सात-आठ खेड्यांचं खत, चप्पल, किराणा आणि औषध इथूनच जातं. माझं मेडिकल बाजाराच्या तोंडावर आहे. दिवाळी झाली, कपाशीची वेचणी रंगात आली की काउंटरवर दिवसभर एकच वाक्य ऐकू येतं, ‘भाऊ, सर्दीचा एक डोज द्या.’

बाहेरच्यांना हा डोज कळायचा नाही म्हणून सांगतो. कागदाच्या चौकोनी तुकड्यात बांधलेल्या चार गोळ्या. एक नाक सुकवणारी, एक तापाची, एक अँटिबायोटिक आणि बरेचदा एक बारीक, अर्धी तोडलेली स्टेरॉइडची. पाकीट नाही, नाव नाही. दहा-वीस रुपयांत माणूस दुपारपर्यंत कामाला लागतो. ही पुडी मी बांधत नाही, त्यामुळे निम्मं गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. उरलेले थांबतात आणि विचारतात, ‘मंग तुम्ही काय देता?’ आणि लगेच दुसरा प्रश्न, ‘होऊच नये म्हणून काही हाय का?’

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर काउंटरवर दोन मिनिटांत देता येत नाही. इथे निवांत देतो. माझ्या शेल्फवरच्या बऱ्याच मालाची त्यात बदनामी होणार आहे, ते आधीच सांगून ठेवतो.

ओलिताची रात्र

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. सकाळी दुकान उघडत होतो, तर ओळखीचे एक काका शटरजवळच उभे. डोक्याला मफलर, नाक लाल.

‘रातभर ओलित केलं ना भाऊ. लाईनच रातची हाय, काय करता. पाय गाऱ्यात. सकाळी पाह्यतो त नाक वाहून राह्यलं. अन् तुम्ही म्हणता थंडीनं सर्दी होत नाई?’

मी तसं म्हणायचो खरं. कॉलेजात तसंच शिकलो होतो. सर्दी विषाणूमुळे होते, विषाणू माणसाकडून माणसाकडे जातो. थंडीनं फक्त थंडी वाजते. याला आधारही भक्कम होता. इंग्लंडमध्ये सॉल्झबरी गावाजवळ १९४६ पासून १९९० पर्यंत सर्दीवर संशोधन करणारं एक खास केंद्र चालायचं. धडधाकट माणसं तिथे हौसेनं दहा दिवस राहायला यायची आणि नाकात विषाणूचे थेंब टाकून घ्यायची. तिथल्या एका प्रयोगात काही जणांना गरम पाण्यानं आंघोळ घालून, ओल्या अंगानं अर्धा तास वाऱ्याच्या बोळात उभं केलं आणि नंतर ओले मोजे घालून फिरवलं. बिचारे कुडकुडले, पण त्यांना सर्दी काही जास्त झाली नाही. थंडी निर्दोष सुटली.

पण २००५ साली वेल्समधल्या कार्डिफच्या संशोधकांनी ही फाइल पुन्हा उघडली. १८० जण घेतले. निम्म्यांचे पाय वीस मिनिटं थंड पाण्याच्या घमेल्यात, निम्म्यांचे बुटा-मोज्यांसकट रिकाम्या घमेल्यात. पुढच्या चार-पाच दिवसांत थंड पाण्यातल्या ९० पैकी १३ जण म्हणाले, सर्दी झाली. दुसऱ्या गटात असे ५. विषाणू तपासला नव्हता, नुसतं विचारलं होतं, त्यामुळे याला शेवटचा शब्द मानायचं कारण नाही. पण संशोधकांनी मांडलेला अंदाज मला पटतो. पाय गारठले की नाकातल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, तिथे रक्त कमी पोचतं, पहारा ढिला पडतो. आणि त्या वेळी नाकात विषाणू आधीच शिरून गुपचूप बसलेला असेल, तर त्याला रान मोकळं मिळतं.

आणखी एक गोष्ट. सर्दीचा सगळ्यात नेहमीचा विषाणू म्हणजे ऱ्हायनोव्हायरस. तो शरीराच्या ३७ अंशांपेक्षा ३३ अंशांच्या आसपास जास्त जोमानं वाढतो. नाकाच्या आतलं तापमान साधारण तेवढंच असतं, म्हणून तर तो फुप्फुसात न जाता नाकात बिऱ्हाड करतो.

म्हणजे काकांचं म्हणणं अर्धं खरं होतं. गाऱ्यात, म्हणजे चिखलात, विषाणू नव्हता. तो बहुतेक दोन दिवसांपूर्वी अंगणवाडीतून आलेल्या नातवानं दिला असणार. मी विचारलं तेव्हा नातू शेंबडा आहे हे त्यांनीच सांगितलं. विषाणू शिरल्यापासून शिंका येईपर्यंत एक ते तीन दिवस जातात, त्यामुळे कालचं ओलित लक्षात राहतं आणि परवाचा नातू विसरला जातो.

त्या रात्रीत थंडीपेक्षाही मोठी भानगड दुसरीच असावी, असं मला वाटतं, आणि ती म्हणजे जागरण. अमेरिकेत पिट्सबर्गला १५३ निरोगी माणसांची झोप दोन आठवडे नोंदवली, मग त्यांच्या नाकात ऱ्हायनोव्हायरस सोडला आणि त्यांना वेगळं ठेवून पाहिलं. रोज सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना, आठ तास किंवा जास्त झोपणाऱ्यांच्या जवळपास तिप्पट प्रमाणात सर्दी झाली. हा अभ्यास २००९ चा. सर्दी टाळण्यासाठी बाजारात जे जे विकलं जातं त्यातल्या कशाचाही एवढा परिणाम माझ्या वाचनात नाही. पण ओलिताची लाईन, म्हणजे पंपाची वीज, रात्रीची, हरभऱ्यात रानडुकरं शिरतात म्हणून जागलीला जाणं आलंच, आणि सकाळी दूध काढायला पुन्हा पाचला उठणं. आठ तास झोपा, हे मी काकांना कोणत्या तोंडानं सांगणार? एवढंच म्हटलं, की रात्री ओलित केलं त्या दिवशी दुपारी जेवून पारावर बसायला जाऊ नका, घरी आडवे व्हा. आणि गमबूट घ्या. गमबुटाचा सल्ला विंचू-सापासाठीही लागू पडतो, म्हणून तो त्यांनी मानला.

एकदा झाली, मग पुन्हा का होते?

गोवर एकदा झाला की जन्मात पुन्हा सहसा होत नाही. मग सर्दी दरवर्षी का? कारण सर्दी हा एक आजार नाही. दोनशेहून जास्त विषाणू आपल्याला सर्दी देऊ शकतात, आणि एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेहून जास्त प्रकार आहेत. एकाशी शरीराची ओळख झाली की दुसरा वेगळा सदरा घालून येतो. सर्दीवर लस नाही, ती याच कारणानं. मोठ्या माणसाला वर्षाला दोन-तीनदा आणि लहान लेकराला सहा-आठ वेळा सर्दी होणं हे अगदी सामान्य आहे. ‘याची इम्युनिटी कमी हाय, काही टॉनिक द्या’ म्हणत येणाऱ्या दहा आयांपैकी नऊ जणींचं लेकरू ठणठणीत असतं. ते फक्त अंगणवाडीत जायला लागलेलं असतं. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात आणि माझ्या दुकानात शेंबडी पोरं जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतात. हे गणित दरवर्षी जुळतं.

हा ‘इम्युनिटी वाढवा’ प्रकारही जरा उलटा आहे. नाक वाहणं, शिंका, घसा सुजणं ही सगळी विषाणूची करामत नसून आपल्याच प्रतिकारशक्तीचं काम असतं. शेंबूड पिवळा-हिरवा होतो तोही आपल्या पांढऱ्या पेशींमधल्या हिरवट रंगाच्या एका द्रव्यामुळे. हिरवा शेंबूड म्हणजे अँटिबायोटिकची वेळ झाली, हा समज काही डॉक्टरांच्या मनातूनही गेलेला नाही.

हातानं की हवेनं?

यावर शास्त्रज्ञांमध्येच दोन पार्ट्या होत्या. अमेरिकेतल्या व्हर्जिनियाची पार्टी म्हणायची, हातानं. सर्दीवाला नाक पुसतो, तोच हात तुमच्या हातात येतो, तुम्ही डोळा चोळता किंवा नाकात बोट घालता, झालं काम. त्यांनी एका अभ्यासात आयांच्या बोटांना आयोडीन लावून ठेवलं, तर घरातल्या आजारी लेकराकडून त्या आयांना सर्दी कमी लागली.

विस्कॉन्सिनच्या पार्टीनं मात्र पत्ते मांडले. खरोखरचे. १९८७ साली छापलेला हा प्रयोग मला भारी आवडतो, कारण तो आमच्या पारावर जसाच्या तसा करता आला असता. सर्दीनं फुरफुरणारी माणसं आणि निरोगी माणसं एका टेबलावर बारा तास पत्ते खेळत बसवली. निम्म्या निरोगी गड्यांच्या हातांना आणि मानेला असं काही अडकवलं, की हात नाकाडोळ्यांजवळ पोचूच नये. त्यांनाही जवळपास इतरांइतकीच सर्दी लागली. मग दुसरी फेरी. शेंबडानं चिकट झालेले तेच पत्ते दुसऱ्या खोलीतल्या बारा निरोगी माणसांना दिले आणि सारखे हात नाकाडोळ्यांना लावत खेळायला सांगितलं. एकालाही सर्दी झाली नाही.

माझ्यासारख्याला यातून एवढंच घ्यायचं आहे, की दोन्ही रस्ते खरे आहेत आणि बंद जागेतली हवा आपण समजतो त्यापेक्षा जास्त महत्त्वाची आहे. वेचणीला जाणाऱ्या बाया आठवा. सहाजणींच्या गाडीत चौदाजणी, गार वारा लागतो म्हणून काचा वर, मांडीवर डबे. त्यात एकीला सर्दी असेल तर आठवड्यात निम्मी गाडी शिंकते. काच चार बोटं खाली ठेवली तर गारठा लागेल, पण हवा पालटेल. रात्री एका खोलीत सहाजण झोपतो तिथेही तेच. खिडकीच्या फटीत कापडाचे बोळे कोंबायची आपल्याला सवय. एक फट मोकळी राहू द्या.

आता हातांचं. आमच्याकडची आई लेकराचं नाक कशानं पुसते? पदरानं. त्याच पदरानं ती चुलीवरचं गंज उतरवते, घाम टिपते आणि पाच मिनिटांनी स्वतःचा डोळा पुसते. पदर हा आपल्या घरातला सगळ्यात कामसू कपडा आहे, त्याच्यावर राग नाही. पण सर्दी असेल तेवढे तीन-चार दिवस जुन्या सुती लुगड्याचे हातभर तुकडे करून ठेवा आणि रोज उकळत्या पाण्यात टाका. बाप्यांच्या खांद्यावरच्या दुपट्ट्यालाही हेच लागू. आणि एका पन्नीतला खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, चौघांनी चिमटीनं खायचा असेल, तर मी कितीही लिहून उपयोग नाही.

हात धुण्यानं श्वसनाचे आजार साधारण १६ ते २१ टक्क्यांनी कमी होतात, असं अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेचं म्हणणं. आकडा फार मोठा वाटत नाही, पण साबणाची वडी दहा रुपयांची आहे. सॅनिटायझरपेक्षा इथे साबण-पाणीच बरं. कोरोनाच्या विषाणूला स्निग्ध आवरण असतं, ते अल्कोहोलनं फुटतं. ऱ्हायनोव्हायरसला ते आवरणच नाही, त्याला चोळून-धुऊन वाहवून लावणं सोपं पडतं.

गुळण्यांचंही सांगतो, कारण त्या फुकट आहेत. जपानमध्ये घरी आल्यावर गुळण्या करायची पद्धतच आहे. तिथे ३८७ जणांवर झालेल्या, २००५ साली छापलेल्या चाचणीत साध्या पाण्यानं दिवसातून तीनदा गुळण्या करणाऱ्यांना सर्दी-पडसं ३६ टक्क्यांनी कमी झालं. गंमत म्हणजे आयोडीनच्या औषधी गुळण्यांचा तेवढा फायदा दिसला नाही. एकच चाचणी आहे, पण साध्या पाण्यानं बिघडणार काय?

माझ्या शेल्फवरचं

व्हिटॅमिन सीची नारिंगी चघळायची गोळी. कोरोनाच्या वर्षी ही मी इतकी विकली, की कंपनीचा माणूस रेशनसारखी मोजून द्यायचा. या गोळीचं वेड लावलं लायनस पॉलिंग यांनी. दोन नोबेल पारितोषिकं मिळालेला हा शास्त्रज्ञ. १९७० साली त्यांनी पुस्तक लिहून सांगितलं, की रोज ग्रॅमभर किंवा जास्त व्हिटॅमिन सी घ्या, सर्दी पळेल. पुढे जगभरच्या चाचण्या एकत्र केल्या, ११ हजारांहून जास्त माणसं. २०१३ च्या आढाव्यात निघालं ते असं: रोज गोळी घेऊन सामान्य माणसाची सर्दी टळत नाही. झालेली सर्दी मोठ्यांत ८ टक्के आणि लहानांत १४ टक्के लवकर आटोपते, म्हणजे आठवड्याच्या सर्दीत अर्धा-एक दिवस. तोही गोळी आधीपासून रोज चालू असेल तर. शिंका आल्यावर सुरू केलेल्या गोळीचा भरवशाचा फायदा दिसला नाही, आणि लोक घेतात ती नेमकी तेव्हाच.

एक अपवाद मात्र निघाला. मॅरेथॉन धावणारे, बर्फात स्कीइंग करणारे, कडाक्याच्या थंडीत कवायती करणारे सैनिक अशांमध्ये सर्दी निम्म्यावर आली. हे वाचलं तेव्हा मला ओलितवाले काका आठवले. रात्रभर गाऱ्यात उभं राहणं हे सैनिकाच्या कवायतीपेक्षा कमी आहे का? त्यांच्यावर कुणी चाचणी केलेली नाही, त्यामुळे मी छातीठोक बोलणार नाही. पण गोळीची गरजही नाही. मोठ्या माणसाला दिवसाला ६५ ते ८० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी पुरतं. शंभर ग्रॅम आवळ्यात ते अडीचशेच्या घरात असतं, पेरूत, म्हणजे आपल्या जामात, दोनशेच्या वर, संत्र्यात चाळीस-पन्नास. आंबिया बहाराची संत्री हिवाळ्याच्या तोंडावरच ढिगानं येतात, जाम त्याच वेळी, आवळाही त्याच वेळी. आणि आपण काय करतो? ‘संत्रा थंड असते, खोकला होते’ म्हणून लेकराच्या हातातून ती फोड काढून घेतो आणि माझ्या दुकानातून संत्र्याच्या चवीची गोळी नेतो.

झिंक. २०२४ च्या मोठ्या आढाव्याप्रमाणे सर्दी टाळण्यासाठी त्याचा जवळजवळ उपयोग नाही. झालेली सर्दी एखाद-दोन दिवस आधी आवरत असेल, पण पुरावा कच्चा, आणि तोंड बेचव होणं, मळमळणं हा त्रास पक्का.

व्हिटॅमिन डीचं पाकीट, ६० हजार युनिटचं. ज्यांच्यात कमतरता आहे त्यांना हाडांसाठी हवंच. सर्दीपुरतं बोलायचं तर आधीच्या अभ्यासांत थोडा फायदा दिसला होता, नंतरच्या मोठ्या अभ्यासांत तो विरघळत गेला. ‘आठवड्याला एक’ असं कुणीतरी सांगितलेलं पाकीट वर्षभर घेत राहिलेले लोक मी पाहिलेत. रक्तात कॅल्शियम चढून मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

च्यवनप्राश घ्यायचाच असेल तर डब्यामागचं बारीक अक्षर वाचा. साखरेचा आकडा बघा. शुगरच्या माणसाला तो ‘आयुर्वेदिक आहे’ म्हणून माफ होत नाही.

आणि सर्दीच्या नेहमीच्या गोळ्या. बहुतेकींमध्ये फिनाइलएफ्रिन नावाचं नाक मोकळं करणारं औषध असतं. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीनं एकमतानं सांगितलं, की हे औषध तोंडानं घेतल्यावर बंद नाकावर उपयोगाचं नाही. गोळीनं बरं वाटतं ते त्यातल्या पॅरासिटामॉलनं अंगदुखी कमी होते आणि दुसऱ्या औषधानं झोप येते म्हणून. झोप येते, म्हणजे ट्रॅक्टर चालवायचा असेल तर घेऊ नका.

नाकात टाकायचे मिठाच्या पाण्याचे थेंब मात्र मी आनंदानं विकतो. स्वस्त आहेत, बाळालाही चालतात. २०२४ मध्ये एडिनबराच्या डॉक्टरांनी मांडलेल्या अभ्यासात हे थेंब टाकलेल्या लेकरांची सर्दी सहा दिवसांत आटोपली, बाकीच्यांची आठ दिवसांत. नाक मोकळं करणारे दुसरे, औषधी थेंब वेगळे. ते पाच दिवसांच्या वर टाकले तर थेंब थांबवताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, आणि माणूस महिनोन्‌महिने बाटली खिशात घेऊन फिरतो.

आजीच्या बटव्यातलं

हळदीचं दूध, आल्या-गवती चहाचा काढा, तुळस, ओवा. यांनी सर्दी टळते असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही. पण गरम काही घोटघोट प्यायलं की घसा, खोकला आणि शिंका यांत बरं वाटतं, आणि हे बरं वाटणं खोटं नसतं. म्हणून माझ्या घरीही सर्दीत गवती चहाच उकळतो. काढ्यात ज्येष्ठमध मात्र जपून. रोज जास्त घेतलं तर रक्तदाब चढतो. मध खोकल्याला चांगला, एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र बोटाला लावूनसुद्धा नाही. त्यातल्या जंतूंच्या बीजांमुळे बाळाला लुळेपणा आणणारा आजार होऊ शकतो.

बटव्यातल्या काही गोष्टी मात्र सरळ काढून टाकाव्यात. बाळाच्या नाकात तेल घालणं: ते फुप्फुसात उतरतं. कापूर तोंडात जाईल असा ठेवणं किंवा अंगभर चोळणं: लहानग्यांना त्यानं झटके येतात. ओव्या-लसणाची धुरी: पऱ्हाटीच्या चुलीचा धूर घरात असतोच, त्यात भर. गरम पाण्याच्या गंजावर लेकराचं डोकं धरून वाफ देणं: सर्दीला फायदा सिद्ध नाही, भाजल्याची उदाहरणं मात्र भरपूर. आणि मेळघाटाकडे धाप लागलेल्या, पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाच्या पोटावर तापल्या सळीचे चटके अजून दिले जातात. त्याबद्दल शांतपणे लिहिणं मला जमत नाही.

खोकल्याच्या बाटलीबद्दलही लिहिलंच पाहिजे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात नागपूरला लागून असलेल्या मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात साध्या सर्दी-खोकल्यासाठी दिलेल्या सिरपनं वीसहून जास्त लेकरं गेली. त्यातली कितीतरी नागपूरच्या दवाखान्यांत आणली होती. सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल निघालं. हे कारखान्यात वापरायचं द्रव्य, चवीला गोडसर, आणि मूत्रपिंड निकामी करणारं. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्यानं पुन्हा सांगितलं, की दोन वर्षांखालच्या लेकरांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत आणि पाचच्या आतल्यांनाही सहसा नकोत. बाटली शुद्ध असली तरी हेच लागू आहे, कारण एवढ्या लहानांमध्ये त्यांचा फायदा दिसलेलाच नाही. त्या आठवड्यात मी शेल्फवरचे लहान मुलांचे सिरप खोक्यात भरून परत पाठवले. एक आई रागावून गेली, ‘मेडिकलमधी खोकल्याची बाटली नाई म्हणता?’

सर्दी नसलेली सर्दी

सोयाबीनच्या थ्रेशरवर उभा राहिलेला माणूस शिंकत येतो. नाक-डोळे खाजतात, ताप नाही, महिनाभर चालू. ही धुळीची ॲलर्जी. तोंडाला ओला दुपट्टा बांधला तर कोणत्याही गोळीपेक्षा जास्त काम होतं.

फवारणी करून आलेल्याचं नाक वाहतं, डोळ्यांतून पाणी, तोंडाला लाळ, मळमळ, अंधूक दिसणं, ही सर्दी नाही. ही विषबाधा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं शेतकरी-मजूर दगावले ते सगळ्यांना आठवत असेल. असा माणूस काउंटरवर आला तर मी गोळीला हात लावत नाही. कपडे काढायला लावून, अंग साबणानं धुऊन १०८ ला फोन.

आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं, लेकराचा न्यूमोनिया. सुरुवात सर्दीसारखीच होते. ओळखायला स्टेथोस्कोप लागत नाही, सेकंदकाट्याचं घड्याळ लागतं. लेकरू शांत किंवा झोपलेलं असताना सदरा वर करा आणि पूर्ण एक मिनिट पोटाचं वरखाली होणं मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, तर थेट दवाखाना. श्वास घेताना फासळ्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, किंवा लेकरू दूध ओढत नसेल, तर मोजत बसूही नका.

हे आपल्याच विदर्भानं जगाला करून दाखवलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गडचिरोलीच्या ५८ खेड्यांत गावातलेच आरोग्यदूत आणि दाया यांना श्वास मोजायला आणि न्यूमोनिया असेल तर तिथल्या तिथे अँटिबायोटिक द्यायला शिकवलं. आकडे न येणाऱ्या दायांसाठी मण्यांचं साधन केलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ उलटं करायचं, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपायच्या आत लाल मणी आला तर न्यूमोनिया. १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, की त्या खेड्यांत न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू शेजारच्या खेड्यांच्या मानानं निम्म्याहून कमी झाले होते. सर्दीत कचऱ्यासारखं वाटलं जाणारं अँटिबायोटिक इथे जीव वाचवतं. आता न्यूमोकोकल लसही सरकारी लसीकरणात फुकट आहे. आशाताईला विचारा, लेकराचा कोणता डोस राहिला आहे.

मागच्या जानेवारीत एका बुधवारी बाजाराच्या गर्दीत एक आजी आल्या. कडेवर आठ महिन्यांचा नातू, गुंडाळलेला. ‘सर्दी झाली पोट्ट्याले, डोज देऊन द्या, गाडी निघून राह्यली.’ मी गोधडी बाजूला करायला सांगितली. पोट भरभर हलत होतं. मोबाइल काढला, मोजायला लागलो, तेवढ्यात कुणीतरी सुटे मागितले, मोजणी चुकली. पुन्हा मोजली. बासष्ट. आजी गाडीकडे बघत होत्या. गाडीवाल्याला मीच जाऊन सांगितलं, की यांना घरी नको, ग्रामीण रुग्णालयात सोड, वीस रुपये माझ्याकडून घे. चार दिवस भरती राहिला तो. पुढच्या महिन्यात आजी हरभऱ्याचा सोला घेऊन आल्या आणि सोबत सुनेसाठी डोज मागितला.

त्या आठवड्यात मी काउंटरसमोरची गणपतीच्या फोटोची जागा बदलली. तिथे आता मोठ्या सेकंदकाट्याचं घड्याळ आहे.